वहिनीला मी बाहेर काढलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगायचं ठरवलंय, तरी जीभ रेटत नाही.

माझी वहिनी नांदेडकडची. लग्न होऊन हैदराबादला आली आणि वर्षभरात बाळंत झाली. तेलुगू तिला ओ की ठो कळत नव्हतं. मी इथंच हैदराबादेत, चिक्कडपल्लीत वाढलेली, म्हणून दवाखान्यात तिचे कान मी अन् तोंडही मीच. ताई आहे म्हणून निभतंय, असं सगळे म्हणायचे. आवडायचं मला ते — खोटं कशाला बोलू?

बाळाला कावीळ झाली. रोज टाचेला सुई टोचून रक्त काढायचे. पहिल्याच दिवशी सिस्टर मला म्हणाल्या, "बिड्डनी तल्लिकि इव्वंडी, पालु तागनिव्वंडी." बाळ आईकडे द्या, दूध पिऊ द्या. अंगावर पिताना टोचलं की बाळाला दुखणं कमी जाणवतं, हेही त्यांनी नीट समजावलं. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. बाळ माझ्या कुशीत होतं.

आणि मी — काय सांगितलं असेल मी तिला?

"सिस्टर म्हणतात, आईनं बाहेर थांबायचं."

ती मुकाट्यानं उठली. टाके ओले होते, भिंत धरून गेली. सिस्टरना मी सांगितलं, तिला रक्त बघवत नाही.

का केलं? मला मूल नव्हतं म्हणून? तसं असतं तर तुम्ही हळहळला असता. पण माझी दोन लेकरं तेव्हा शाळेत जात होती. त्या खोलीत माझ्यावाचून अडावं, एवढंच मला हवं होतं.

सुई टोचली. बाळ श्वास कोंडेपर्यंत रडलं. माझ्या छातीत तोंड खुपसून शोधत होतं — काय शोधत होतं, ते मला कळत नव्हतं का? दाराबाहेर वहिनी हुंदके देत होती. दुसऱ्या दिवशी सिस्टरनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच केलं. कावीळ उतरेपर्यंत, रोज.

परवा वहिनीच्या धाकट्या बहिणीचा नांदेडहून फोन आला. तिच्या तान्हुल्यालाही कावीळ, सकाळी रक्त काढणार होते. पोरगी रडत होती. वहिनी तिला धीर देत म्हणाली, "घाबरू नको गं. टोचताना आईनं बाहेरच थांबायचं असतंय. बाळ नणंदेकडं दे. आमच्या ताईनं लई मायेनं धरलं होतं."

असं म्हणून तिनं माझ्याकडे बघितलं आणि हसली.

मी समोरच शेंगा सोलत बसले होते. फोन अजून चालू होता. मी मान खाली घातली आणि शेंगा सोलत राहिले.