बंद कपाटातल्या बाटल्या

विद्यापीठाच्या पर्यावरण आरोग्य विभागात तिला सगळे फौजदारबाई म्हणत. हुद्द्याने ती प्रयोगशाळेतली परिचर. पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या धुवायच्या, वाफेवर निर्जंतुक करायच्या, बुचावर कागद बांधून कपाटात लावायच्या. एकवीस वर्षं हेच काम. कोणी सहज गोड बोललं तरी तिच्या कपाळाला आठी पडायची.

अभ्यासक्रमाला मान्यता द्यायची की नाही हे ठरवणारी समिती येणार होती. त्या आठवड्यात विभागप्रमुख स्वतः तिच्यासाठी चहा घेऊन आले, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

"पाहुण्यांनी काही विचारलं तर नुसतं हसायचं, बाई."

"मला जमत नाही, सर."

ते गेल्यावर तिने समितीसाठी टेबलावर ठेवलेले विद्यार्थ्यांचे अहवाल चाळले. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येकाने म्हणे दोनशे तास बाहेर काम केलं, वसतिगृहांच्या टाक्यांचं पाणी आणून तपासलं. तिने कपाट उघडलं. सहा महिन्यांपूर्वी बांधलेले कागद जसेच्या तसे. मग पाणी आणलं कशातून, ओंजळीतून?

एक अहवाल तिच्या भाचीचा होता. बहीण गेल्यापासून ती पोर तिच्याच घरी वाढलेली. मान्यता मिळाली तरच तिला आरोग्य निरीक्षकाचा परवाना मिळणार होता.

जेवताना तिने विचारलं, "तुझे बारा नमुने कुठले गं?"

भाचीने मान वर केली नाही. "आकडे सरांनीच दिले. सगळ्यांना. मावशी, तू यात पडू नकोस."



समितीतल्या एक वयस्कर प्राध्यापिका प्रयोगशाळेत आल्या. फौजदारबाईला त्यांचाही भरवसा वाटेना. सरांबरोबर फार खिदळत होत्या. त्यांनी कामाबद्दल विचारलं तेव्हा हिने उलट विचारलं, "लिहून घेणार, की नुसतं ऐकणार?"

प्राध्यापिकाबाईंचं हसू मावळलं. त्यांनी पेन काढलं. मग हिने कपाटाचं दार सताड उघडलं.

मान्यता वर्षभर लटकली. सरांची खुर्ची गेली. सगळ्या वर्गाला बाहेरचं काम पुन्हा, खरोखर करावं लागलं. भाचीने दोन महिने अबोला धरला. परवाना मिळाला तो वर्ष उशिरा. पण मावशीचं बरोबर होतं, असं काही तिने कधी म्हटलं नाही.

आता ती निरीक्षक आहे. संध्याकाळी दमून घरी आली, की मावशी आधी तिच्या चपलांचे तळ बघते आणि विचारते, "आज खरंच गेली होतीस ना?"