गुरुवारचा झाडू

बापूंचं नाव हॉलला लागलं आणि त्याच आठवड्यात हॉल आम्हाला बंद झाला.

आम्ही म्हणजे धुणीभांडी करणाऱ्या बायका. दर गुरुवारी संध्याकाळी त्या हॉलमध्ये आमची बैठक असायची.

आज बापूंना जाऊन वर्ष झालं. सकाळपासून सगळ्यांच्या स्टेटसला त्यांचा फेट्यातला फोटो फिरतोय. बघितला की डोकं उठतं. जन्मात एकदा फेटा बांधला असेल त्या माणसानं, भाच्याच्या लग्नात, आणि तोबी जेवायच्या आधी काढून ठेवला.

आम्हाला माहीत असलेले बापू म्हणजे खोचलेली लुंगी, अंगाला म्हशीच्या धारेचा वास आणि हातात झाडू.

ज्यांना ठाऊक न्हाई त्यांच्यासाठी सांगतो.

आमच्या पेठेतल्या तालमीच्या वर एक हॉल हाय. बापू तालमीचे जुने मेंबर. हॉल सगळ्यांचा, हा हट्ट त्यांचाच. रिक्षावाले बसायचे. कॉलेजची पोरं नाटकाची तालीम करायची. महापुरात तर निम्मी गल्ली तिथंच राहिली.

हॉलची किल्ली झाडूच्या मुठीला सुतळीनं बांधलेली. झाडू खाली शोभाकाकीच्या चहाच्या गाड्यावर, खिळ्याला.

अर्ज न्हाई, परवानगी न्हाई. किल्ली पायजे तर झाडू घ्यायचा. आधी झाडायचं, मग बोलायचं.

एकदा इलेक्शनला उभा राहिलेला एक पुढारी गळ्यात हार घालूनच वर आला. बापूंनी त्याच्या हातात झाडू दिला.

"हे काय बापू?"

"भाषण करायचंय न्हवं? कोपरं पण घे. तिथं लई साठतंय."

झाडलं की त्यानं. इलेक्शनला पडला, ते सोडा.

पहिल्या गुरुवारी आम्ही एकमेकीला पुढं ढकलत जिना चढलो. तालमीत बायका जात न्हवत्या. कुणी लिहून ठेवलं न्हवतं, पण जात न्हवत्या.

बापूंनी सवयीनं झाडू पुढं केला.

आमची छाया फटकळ. म्हणाली, "बापू, सकाळपास्नं चार घरं झाडून आलोय. हितं पण झाडूच व्हय?"

मला वाटलं, आता हाकलतंय म्हातारं.

"बसा," म्हणाले. लुंगी खोचली आणि स्वतःच झाडायला लागले. झाडता झाडता पुटपुटत होते, "माझ्या ध्यानातच आलं न्हाई की."

मग जिन्यात जाऊन खाली तालमीत ओरडले, "ऐका रे, गुरुवारी बाया झाडणार न्हाईत! गुरुवारी गडीमाणसांनी झाडायचं!"

तवापासून गुरुवारचा झाडू बापूंचा. ते आजारी असले की तालमीतलं कुणीतरी यायचं. सुहास आता तालमीच्या कमिटीचा अध्यक्ष हाय, त्यानंबी झाडलंय. लाजत लाजत म्हणायचा, "मावशी, पाय वर घ्या."

त्याच हॉलमध्ये छायाचा निकाल लागला. लेकीच्या बाळंतपणाला सुट्टी घेतली म्हणून मालकिणीनं तिला काढलं होतं. आम्ही बसलो, भांडलो, रडलो आणि ठरवलं, तिच्या जागी त्या घरात कुणीच जायचं न्हाई. आठवडा सरायच्या आत मालकिणीचा फोन आला.

असलं काय व्हॉट्सअॅपवर ठरत न्हाई. ग्रुपवर नुसते हात जोडलेले येतात. एकमेकीचं तोंड बघून बोलावं लागतं.

नंतर बापू गेले. हॉलला रंग लागला, एसी लागला, बापूंच्या नावाचा मोठा बोर्ड लागला. नामकरणाला टाळ्या आम्हीपण वाजवल्या.

पुढच्या गुरुवारी गेलो तर झाडू खिळ्याला, आणि सुतळी कापलेली. किल्ली न्हाई.

सुहासला फोन केला.

"मावशी, रागावू नका. आता बुकिंग करावं लागतंय. बारशी, साखरपुडे सुरू झालेत. बापूंच्या नावाचा हॉल हाय, जरा मेंटेन नको व्हय?"

"आणि आम्ही कुठं बसायचं रे?"

"बघूया की कायतरी."

बघूया की म्हणजे न्हाई, हे आमच्यात शेंबड्या पोरालाबी कळतं.

तवापासून नुसतं फिरतोय. बागेत बसलो, वॉचमननं उठवलं. देवळात बसलो, भजन सुरू झालं. छायाच्या खोलीत बसलो तर तिचा नवरा रात्रपाळी करून झोपलेला, सगळ्याजणी कुजबुजत बोलतोय. कुजबुजत कधी भांडता येतं का? हळूहळू निम्म्याजणी यायच्याच बंद झाल्या.

आणि आता आमच्यातल्या एकीवर अंगठी चोरल्याचा आळ आलाय. बिचारी रोज विचारते, "कधी बसायचं?"

परवा मी म्हणालो, "बघूया की."

माझ्याच तोंडातनं हे निघालं. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला न्हाई.

म्हणून आज बसतोय. आज गुरुवारच हाय. संध्याकाळी सहा वाजता, तालमीच्या जिन्यात, बापूंच्या बोर्डाखाली. बुकिंग केलेलं न्हाई. सगळ्याजणींनी यायचं, न येणाऱ्यांनी तर आधी यायचं. जिन्यात कालच्या साखरपुड्याचे कागदी ग्लास पडलेत, फुलं पडलीत. पडू देत. कुणी उचलायचं न्हाई.

सुहास, ही पोस्ट तुझ्यापर्यंत पोचणारच.

झाडू शोभाकाकीच्या खिळ्यालाच हाय. आम्ही त्याला हात लावणार न्हाई. का, ते तुला माहीत हाय.

येताना किल्ली घेऊन ये. आम्ही पाय वर घेतो.

बापू, आज तुमच्या फोटोला हार घालायला जमणार न्हाई.

बैठक हाय.