नाव कापलेली गोळी

टोकियोच्या नारिता विमानतळावर आई-बाबा आत गेले आणि मी बाहेर राहिले. तुमच्यापैकी बहुतेकांनी घर सोडलं असेल. मला घरानेच सोडलं. बाबांच्या बँकेचं पोस्टिंग संपलं होतं, आणि मला त्याच महिन्यात तिथेच सहा वर्षांच्या फार्मसीला अ‍ॅडमिशन मिळाली होती. सिक्युरिटीच्या रांगेत आई ओरडली, "सहा वर्षं? तोवर मी मेले तर कोण येणार आहे?" मी म्हणाले, "मग नंतर मर." सख्ख्या आईला, चारचौघांत. बाबा नुसते म्हणाले, "मुग्धा, जीभ आवर." आईने पर्समधून एक स्टीलचा डबा काढला, माझ्या छातीवर आदळला आणि वळून चालू लागली. डब्यात गोळ्या होत्या.

मी अशीच आहे, पहिल्यापासून. जपानच्या मोठ्या भूकंपाला दोन वर्षं झाली तेव्हा आम्ही ठाण्याहून टोकियोजवळच्या ग्योतोकुला आलो. मी सातवीत होते, भाषा ओ की ठो येत नव्हती. माझे बूट कचऱ्याच्या पेटीत टाकणाऱ्या मुलाला मी पहिल्याच महिन्यात त्याच बुटाने हाणलं होतं. बाबांना शाळेत जाऊन कमरेत वाकून माफी मागावी लागली. घरी आल्यावर म्हणाले, "हात उचलायचा असेल तर आधी शब्द संपव." शब्द संपायची वाट बघणं मला कधी जमलं नाही.

पाचव्या वर्षी जिश्शू सुरू झाली, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रत्यक्ष काम. सकाळी साडेआठ ते पाच, पांढरा कोट. कॉलेजचं स्पष्ट सांगणं होतं की या काळात बाइतो बंद करा, पार्ट-टाइम नोकरी आणि जिश्शू एकत्र झेपत नाही. मी मान डोलावली आणि केली नाही बंद. भाडं माझं मी भरीन अशी फुशारकी बाबांसमोर मारली होती ना! संध्याकाळी आणि शनिवार-रविवार दिवसभर मी स्टेशनजवळच्या एका बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या दुकानात, मागच्या स्वयंपाकघरात, कोंबडीच्या तंगड्या तोडायचे. पाय सुजायचे. तोझाई लाइनच्या लोकलच्या गर्दीत उभ्या-उभ्या झोप लागायची, कुणाचं कोपर बरगडीत घुसलं की जाग यायची.

दुकानाचा मॅनेजर, तेन्चो, हा एक नंबरचा माजोरडा. तेल थंड झालं की झारा फेकायचा. एकदा झारा माझ्या कानावर बसला आणि आठवडाभर कानात शिट्टी वाजत राहिली. मी सुरी घेऊन वळले होते, खरंच वळले होते. मनगट धरलं ते किमुरा-साननी. साठीच्या बाई, माझ्या शेजारी उभ्या राहून वीस वर्षं भात भरत होत्या. "मुगुदा-चान, सुरी कोंबडीसाठी," एवढंच म्हणाल्या. मुग्धा त्यांच्या जिभेवर मुगुदा व्हायची. मग तेन्चोकडे बघून असे डोळे वटारले की त्या दिवशी पुन्हा काही उडालं नाही. कोंबडीचा सांधा कुठे कापायचा ते त्यांनीच शिकवलं. माझ्या डब्यातलं लिंबाचं लोणचं त्या चाटून-पुसून खायच्या आणि नाक गळायला लागलं की हसायच्या. आई गेल्यावर मला "जेवलीस का" असं रोज विचारणारं माणूस तेवढं एकच होतं.

त्या शनिवारी दुपारी किमुरा-सानचं डोकं ठणकत होतं. एका हाताने कपाळ दाबत दुसऱ्याने भात भरत होत्या. तेन्चो म्हणाला, घरी जायचं तर उद्याही येऊ नका. माझं टाळकं सटकलं. लॉकरमधून आईचा डबा आणला, आई पार्सलने गोळ्या पाठवून भरता ठेवायची तो. त्यातली पांढरी गोळी मी स्वतः कितीदा खाल्ली होती. आमच्या घरात कुणी कण्हलं की आई गोळी पुढे करायचीच. शेजारच्या काकू, वॉचमन, कामवाल्या मावशी, कुणालाही. "दुखतंय त्याला चौकशा काय करायच्या गं, द्यायची!" मी पण दिली. पाण्याचा ग्लासही दिला.

आता ऐका. त्याच आठवड्यात हॉस्पिटलात मी रोज पेशंटच्या खाटेशी वाकून एकच प्रश्न विचारत होते: "यापूर्वी कुठल्या औषधाचा त्रास झालाय का? दमा आहे का?" शेकडो वेळा विचारला असेल. किमुरा-सानना नाही विचारला. कोट अंगात असला की मी फार्मसीची विद्यार्थिनी, आणि एप्रन बांधला की मी आईची मुलगी.

अर्ध्या तासात त्यांचा चेहरा लालभडक झाला. मग शिट्टीसारखा श्वास. मग तोही अडकला. भाताचं भांडं घेऊन त्या फरशीवर कोसळल्या, नखांनी स्वतःचा गळा ओरबाडू लागल्या. ओठ निळे पडत होते. मी फोन उचलला तर तेन्चोने मनगट पिरगाळलं. "अ‍ॅम्ब्युलन्स बोलाव, पण गोळीचं बोलायचं नाही! दुकान बंद पडेल. तुझंही शिक्षण संपेल." खोटं कशाला सांगू, एक क्षण मलाही ते पटलं. एकच क्षण. मग किमुरा-सानची टाच फरशीवर आपटली, आणि मी दुसऱ्या हाताने लोखंडी ट्रे उचलून त्याच्या तोंडावर हाणला. नाक फुटलं. रक्त तळलेल्या कोंबडीवर उडालं. मी फोनवर ओरडले, "मी दिली! पेनकिलर, मी दिली!"

"नाव काय?" अ‍ॅम्ब्युलन्समधल्या माणसाने विचारलं. मी पट्टी बघितली. डब्यात मावावी म्हणून आईने कात्रीने पट्टीचे चौकोन केले होते, आणि नाव कापलं गेलं होतं. पेनकिलर म्हणून काय काय मिसळलं असेल देव जाणे. पेनकिलरने उसळणाऱ्या अशा दम्याला काही इंजेक्शनंही उलटतात, त्यामुळे डॉक्टरांना नाव लगेच हवं होतं. धावत्या गाडीत, किमुरा-सानच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असताना, मी ठाण्याला फोन लावला.

"आई, पांढरी गोळी, मध्ये रेघ. नाव सांग!"

"अगं ती बाबांच्या कंबरेची. नाव... झालंय काय? तू बरी आहेस ना?"

"नाव सांग, माणूस मरतंय!"

आई चप्पल न घालता खालच्या मेडिकलवाल्याकडे पळाली, हे मला नंतर कळलं. फोनवर तिची धाप ऐकू येत होती. मेडिकलवाल्याने गोळीत काय-काय आहे ते एकेक अक्षर करून सांगितलं आणि तोवर हॉस्पिटलात पोचलेली मी ते जपानीत डॉक्टरांपुढे किंचाळले.

किमुरा-सान वाचल्या. दोन दिवस नळी होती घशात. त्यांच्या मुलीने कॉरिडॉरमध्ये मला भिंतीवर ढकललं, पर्सने मारलं, "माझ्या आईवर प्रयोग केलास!" म्हणाली. आयुष्यात फटका खाऊन परत दिला नाही असं तेव्हा पहिल्यांदा झालं. तिचा प्रत्येक फटका बरोबर होता.

पोलीस आले, पण तेन्चोने तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर मला का अडवत होता तेही सांगावं लागलं असतं. सोमवारी मी स्वतः जिश्शूच्या सेन्सेईंना, म्हणजे सरांना, सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. फक्त विचारलं, "तुम्ही त्यांना विचारलं होतं का?" मी नाही म्हणाले. माझी जिश्शू तिथेच थांबली. पुढच्या वर्षी ज्युनियर मुलांबरोबर पहिल्यापासून केली, बाइतो सोडून, बाबांचे पैसे मुकाट्याने घेऊन. किमुरा-सान मधे एकदा माझ्या खोलीवर आल्या. लोणचं मागितलं. मी बाटली हातात धरूनच उभी राहिले आणि त्यात काय-काय आहे ते त्यांना वाचून दाखवू लागले. "दे गं बाई," असंच काहीसं म्हणाल्या असाव्यात, माझं रडणं त्यांच्या बोलण्याच्या वर गेलं होतं.

फार्मासिस्ट झाल्यावर ठाण्याला गेले. आईला ताप होता. गोळी काढण्याआधी मी खुर्ची ओढून समोर बसले आणि विचारलं, "तुला कधी कुठल्या औषधाचा त्रास झालाय?"

"पोटची पोर मला पेशंटसारखं विचारते," आई फणकारली. मग म्हणाली, "तू झालीस तेव्हा एक इंजेक्शन दिलं होतं. श्वासच अडकला. तुझी आजी मला म्हणायची, गेलीच होतीस."

"आणि तू मला कधी बोलली नाहीस?"

"तू कधी विचारलंस?"

"कुठलं इंजेक्शन?"

"कोण सांगतंय तेव्हा बायकांना!"

आई आजवर कुठल्याही दवाखान्यात गेली असती, कुणीही तेच इंजेक्शन पुन्हा टोचलं असतं. आणि ही बाई जगाला गोळ्या वाटत होती! मी इतकी भडकले की भांडं आपटलं. ताप उतरल्यावर तिला रिक्षात घातलं आणि मी जिथे झाले त्या प्रसूतिगृहात नेलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, इतके जुने कागद नसतात. मी तिच्याशी भांडले, मग तिच्या साहेबांशी भांडले. आई माझी ओढणी ओढत होती, "चल गं मुग्धा, घरी चल." मी म्हणाले, "तू बस इथे. नाव मिळाल्याशिवाय मी घरी येणार नाही."