दादाने उठवलेला म्हसोबा

दादा गेल्याचा निरोप घेऊन कोंडिबा आला, तेव्हा मी ओसरीवर पीठ चाळत बसले होते. कोंडिबा हा दादाच्या गावचा म्हातारा शेतकरी. रहाटणीच्या पलीकडून उन्हात पायी आलेला माणूस, पण दारात उभा राहून त्याने टोपी काढली आणि पाणीसुद्धा मागितलं नाही. मी काय ते समजले… त्याला आता महिना उलटून गेला. लोक भेटतात, दादाच्या विद्वत्तेबद्दल चांगलं बोलतात. मी मान हलवते आणि आतल्या आत चोरासारखी होते.

माझा थोरला भाऊ चिंचवडच्या शाळेत संस्कृत शिकवायचा. शब्दांची मुळं खणायचं त्याला वेड होतं. वरणात मीठ कमी आहे म्हटलं, तर हा मीठ शब्द कुठून आला ते सांगत बसे आणि मिठाचं भांडं त्याच्याच पुढ्यात राही. देवाधर्माचे शब्द तर विशेष लाडके. भगवान म्हणजे ज्याच्याकडे भाग्याचा वाटा आहे तो, आणि भक्त म्हणजे त्या वाट्यातला भागीदार, हे त्याने माझ्या मुलांना जेवता जेवता शिकवलं. नमाज आणि नमस्कार हे लांबचे भाऊ आहेत, हे ऐकून आमच्या सोवळ्यातल्या आत्याबाई पाटावरून उठल्या होत्या.

त्या वेळी आम्ही दादाकडेच राहत होतो. पुण्यातला छापखाना बंद पडून यांची नोकरी गेली होती. दादाच्या पगारात दोन संसार चालले होते. वहिनीने कधी वाकडा शब्द काढला नाही, त्यामुळे तर ताटावर बसायची आणखीच लाज वाटे. एकदा परसात मी दादापाशी रडले. भावाच्या दारात असं किती दिवस पडून राहायचं, म्हणाले.

त्याच सुमारास गावच्या शिवारात कारखाना यायचा होता. जमिनी दिल्या गेल्या होत्या, काम अडलं होतं ते बांधावरच्या म्हसोबापाशी. त्याची जागा नेमकी कुंपणाच्या आत येत होती. कारखान्याच्या साहेबाने दादाला गाठलं. गाव तुमचं ऐकतं, तेवढा देव हलवा, काम सुरू झालं की तुमच्या मेहुण्यांना कारकुनी देतो, म्हणाला. दादाने हे घरात कुणाला सांगितलं नाही. मला ते पुढे फार उशिरा कळलं.

देव उठवायचा तर आधी त्याला विचारायला हवं. गाव जमलं. म्हसोबाच्या दोन्ही अंगांना फुलाची एकेक ओली पाकळी लावली. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आम्ही बायका लांब उभ्या होतो, तरी दिसलं… डावीच पडली. लोक उठू लागले, तेव्हा दादा पुढे झाला. देव या शब्दाच्या मुळाशी प्रकाशणं आहे, दिवस हा शब्दही त्याच मुळातला, असा उजेड एका दगडात अडकून राहील का, असं त्याने वर्गात सांगावं तसं सांगितलं. धर्म म्हणजे धरून ठेवणारा, पण गावाला अडवून धरणारा नव्हे, हेही सांगितलं. साहेबाच्या भरवशावर नवा चौथरा बांधून देण्याची हमी घेतली. उठलेले लोक पुन्हा खाली बसले. मग कोंडिबा म्हणाला, "मास्तर म्हनत्यात तर उचला."

यांना नोकरी लागली. आम्ही चिंचवडात खोली घेतली. साहेबाची बदली झाली, चौथरा राहिला तो राहिलाच, आणि म्हसोबा ओढ्याकाठी बाभळीखाली उघड्यावर पडला. गावाने दादाला एका शब्दाने विचारलं नाही. तेव्हापासून दादाने देवाधर्माच्या शब्दांची मुळं सांगणं सोडलं. दर अवसेला मात्र तेल आणि शेंदूर घेऊन तो बाभळीखाली जायचा. मी एकदा चेष्टेने विचारलं, उजेडाला शेंदूर कधीपासून लागायला लागला? तेव्हा त्याने साहेबाची सगळी गोष्ट मला सांगितली. शेवटी म्हणाला, "शब्दाचं मूळ खरंच होतं गं. मी ते लबाडीला जुंपलं. भोळी माणसं फसली."

तो गेल्यानंतरच्या पहिल्या अवसेला मीच तेल-शेंदूर घेऊन गेले. कोंडिबा तिथे बसला होता. दादाच्या वतीने मी त्याची माफी मागितली. त्याने तुम्हाला शब्दांत गुंडाळलं, ते त्याला मरेपर्यंत खात होतं, असं सांगितलं.

कोंडिबा हसला नाही की रागावला नाही. "ताई, त्ये शब्द आमाला कुटं कळलं हुतं?" तो म्हणाला. "तुमच्या मालकास्नी काम न्हाई, मास्तर एकला वढतोय, ह्ये गावाला दिसत हुतं. म्हून उचलला देव. मास्तरांना वंगाळ वाटंल म्हून कुनी बोललं न्हाई."

दादाने हे ऐकायला हवं होतं. एवढ्या एका वाक्याने त्याचं आयुष्य हलकं झालं असतं… आणि माझं जड झालं. माझी चूल पेटावी म्हणून एका गावाने आपला देव उघड्यावर ठेवला, आणि मी त्यावर चेष्टा करून मोकळी झाले होते.

कोंडिबा गेल्यावर मी दगडाजवळ गेले. शेंदराचा जाड थर वाळला होता. त्यात वरून खाली ओढलेली दादाची बोटं स्पष्ट दिसत होती. मी तेल घातलं. शेंदराची पुडी तशीच घरी आणली.