उतारावर ओढलेला दट्ट्या

पॅडल खाली जाईना. मल्लू पॅडलवर पाय देऊन सीटवरून अर्धा उठला होता, तरी ते दगडासारखं तसंच. गाडी उताराला लागलेली. खाली ओढा, ओढ्यावर अरुंद पूल आणि पुलावर या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत मेंढ्या. मेंढ्यांच्या मागं, म्हणजे आमच्या बाजूला, बिऱ्हाड लादलेलं एक घोडं चाललं होतं. बिऱ्हाडाच्या वर फडक्यानं बांधलेलं पोर. पोराची आई लगाम धरून पुढं चालत होती. तिनं मागं वळून पाहिलं नव्हतं, कारण आमच्या गाडीला आवाजच नव्हता.

"वैनी, बिरेक लागंना," मल्लू म्हणाला.

तिथवर कसे पोचलो ते आधी सांगते.

मल्लू म्हणजे मल्लिनाथ, माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा तो चड्डीवर हिंडायचा, म्हणून त्याला नावानंच हाक मारते. आता त्याचेही केस पांढरे झाले. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून गावोगावच्या दुकानांत पोचवायची, हा आमच्या घरचा धंदा. भाकरी मी आणि चार बायका करतो, गाडी मल्लू चालवतो. गाडी माझ्या नवऱ्यानं घेतलेली, चपट्या तोंडाची डिझेल व्हॅन. नवरा गेला, गाडी राहिली. हल्ली लोक तिच्याजवळ उभे राहून फोटो काढतात. मला त्यात काही विशेष दिसत नाही. भाकरीचे डबे तिच्यात नीट बसतात, म्हणून ठेवली.

ब्रेकचा मात्र वैताग होता. जुने ब्रेक पहिल्या दाबाला कधी लागलेच नाहीत. पॅडल तीन-चारदा पटापट मारायचं, मग कुठं गाडी धरायची, आणि धरली की डावीकडे ओढायची. गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही सिग्नलला एका रिक्षाच्या मागं जाऊन टेकलो. रिक्षावाला उतरला, डबे बघितले आणि म्हणाला, "मावशी, भाकरी द्यायची तर हाक मारायची असते. आत शिरायचं नसतं." त्या दिवशी मी ठरवलं की ब्रेक बदलायचे.

विजापूर रस्त्याला मौलाभाईचं गॅरेज आहे. त्याच्याकडे गाडी लावली आणि काम होईपर्यंत मी तिथंच स्टुलावर बसून राहिले. त्यानं पुढच्या चाकांचे ड्रम काढले आणि डिस्क बसवल्या. डिस्क म्हणजे थाळीसारखी लोखंडी चकती, ब्रेक दाबला की तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरतात. पॅडलच्या पुढं पातेल्याएवढं काळं भांडं बसवलं, त्याला बूस्टर म्हणतात. इंजिनावर एक लहान पंप लावला. इंजिन चालू असलं की तो पंप भांड्यातली हवा ओढून घेतो, आणि त्या ओढीमुळं पायाला जोर लावावा लागत नाही. हा सगळा माल एका नव्या गाडीचा, अपघातात मोडलेल्या. मागच्या चाकांचे ड्रम तसेच ठेवले. हँडब्रेक आधीपासून नावालाच होता.

गाडी हाती देताना मौलाभाईनं आम्हा दोघांना समोर उभं केलं.

"काकी, अब नरम पाँव से दबाना. और इंजन बंद, तो समझो ब्रेक बंद. दो-तीन बार दबाए के भांडा खाली. उतार पे बंद नक्को करो."

मी मल्लूकडे पाहिलं. "ऐकलं की," तो म्हणाला.

मी का पाहिलं ते सांगायला हवं. उतार लागला की मल्लू गिअर काढतो आणि दट्ट्या ओढतो. दट्ट्या म्हणजे दोन सीटांच्या मधे, खालच्या पत्र्यात असलेलं काळं बोंड. ओढलं की इंजिनाचं डिझेल तुटतं आणि ते बंद पडतं, आत दाबलं की परत चालू करता येतं. गाडी उतारावरून फुकट जाते. ही सवय त्याला माझ्या नवऱ्यानं लावली. डिझेल वाचतं हे खरंच, पण आणखी एक होतं. इंजिन आम्हा दोघांच्या मधेच, पत्र्याच्या झाकणाखाली असतं. ते चालू असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. उतारावर गाडी गप्प व्हायची, आणि घरातलं जे काही बोलायचं ते आम्ही तिथं बोलायचो. पुतण्याचं लग्न उतारावर ठरलं. शेताची वाटणीही उतारावरच झाली, भांडण न होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. अक्कलकोट रोडला ऊन अंगावर यायच्या आत गाडी शहराबाहेर पडली. थंडी होती. दोन्ही बाजूंना काळी रानं, ज्वारी कणसाला आलेली, मधेच करडईचे पट्टे. वळसंगला चहा घेतला. चहा गोड होता, इतकंच सांगण्यासारखं. अक्कलकोटात दर्शनाच्या गाड्यांची गर्दी होती म्हणून बाहेरूनच दोन दुकानांचा माल उतरवला आणि पुढं निघालो.

मैंदर्गीत फजिती झाली. बाजारात एका दुकानासमोर गाडी थांबवायची होती. मल्लूनं सवयीप्रमाणं पॅडलवर पाय हाणला. गाडी जागच्या जागी थांबली. डबे थांबले नाहीत. मागून निम्मे पुढं आले, दोन फुटले, आणि कडक भाकरीचा चुरा माझ्या डोक्यावर पडला. दुकानदार जुना ओळखीचा, घरात कानडी आणि गिऱ्हाइकाशी मराठी बोलणारा. तो पायरीवरून उतरला, चुऱ्यातला एक तुकडा तोंडात टाकला आणि मल्लूला म्हणाला, "मालक, चिवडा कवापास्नं काढला? आम्हाला न्हाय सांगितला."

बाजारातली माणसं हसली. मल्लू हसला नाही. चुरा दुकानदारानं ठेवून घेतला. आमटीत घालायला तो भाकरीपेक्षा बरा लागतो, हे त्यालाही माहीत होतं.

मैंदर्गी सोडल्यावर दुधनीच्या वाटेला तो ओढा आहे. जाताना अलीकडचा उतार लागला तेव्हा मल्लूचा हात दट्ट्याकडे आला. मी बघत होते. त्यानं हात तिथूनच वळवून गुडघा खाजवला. इंजिन धडधडत आम्ही खाली गेलो, पूल ओलांडला, पलीकडे वर चढलो.  त्या आवाजात बोलून उपयोग नव्हता.

दुधनी सरहद्दीवरचं गाव. पाट्या मराठीत आणि बोलणं कानडीत. आडतीवर तुरीची पोती लागलेली आणि सगळ्या रस्त्यावर तुरीची धूळ. माल उतरवून आम्ही एका बाईच्या खानावळीत गेलो. खानावळ म्हणजे दोन चुली आणि एक बाक, एवढाच बाईचा कारभार. "ऊटा आतेनरी?" (जेवण झालं का?) असं तिनं विचारलं, आणि उत्तर येण्याआधी ताटं मांडली. ज्वारीची गरम रोट्टी (भाकरी), एण्णगाई (तेलातली भरली वांगी), वर कच्चा कांदा. मी आयुष्यभर भाकरीच केली आहे, तेव्हा भाकरीचं कौतुक सहसा करत नाही. ही चांगली होती. त्या बाजूला गेलात तर दुपारी बाराच्या आत जा, नंतर वांगी संपतात.

जेवताना मल्लू गप्प होता. मला वाटलं, मैंदर्गीचं हसू अजून डोक्यात आहे. वांग्याचा काटा शोधताना तो ताट डोळ्यांजवळ नेत होता, हेही मी पाहिलं, पण त्यावर विचार केला नाही. निघताना बाईनं दारातून "निधान होगरी" (सावकाश जा) असं म्हटलं. ते सगळ्यांनाच म्हणतात.

परतीला ऊन तोंडावर होतं. गाडीत रिकामे डबे खडखडत होते. ओढ्याचा पलीकडचा उतार आता आमच्या पुढ्यात आला. सरळ आणि लांब उतार, घाटासारखा काही नाही, कुणी त्याला भिणार नाही. मल्लूनं गिअर काढला. दट्ट्या ओढला.

गाडी शांत झाली. मला बरं वाटलं. इतकी वर्षं उतारावर बरं वाटत आलं होतं, तसंच. वारा ऐकू यायला लागला.

"वैनी, एक बोलायचं हाय," मल्लू म्हणाला.

"बोल."

तेव्हा मेंढ्या दिसल्या. मला आधी दिसल्या, मग त्याला. त्यानं पॅडल दाबलं आणि गाडी जरा धरली. मग त्यानं जुन्या ब्रेकवर करायचा तेच केलं, पॅडल पटापट तीन-चारदा मारलं. भांड्यात जी काही ओढ उरली होती ती तिथं संपली. पॅडल दगड झालं.

त्यानं हँडब्रेक ओढला. काही झालं नाही. हॉर्न दाबून धरला. पोराच्या आईनं मागं पाहिलं आणि लगाम ओढत घोड्याला कडेला घ्यायला लागली, पण पुढं मेंढ्या आणि बाजूला कठड्याचा दगड, कडेला जागा नव्हती. पोर आमच्याकडेच बघत होतं. पुलावरून म्हातारा मेंढका काठी वर करून ओरडत होता.

त्या वेळी मला मौलाभाईचे शब्द आठवले असं लिहिलं तर बरं दिसेल. तसं झालं नाही. मला गाडीचा आवाज हवा होता, एवढंच. इतक्या वेगानं जाताना गाडी गप्प असणं मला अचानक नको झालं. मी वाकले आणि दट्ट्या आत दाबला.

"गिअर टाक," मी म्हणाले.

मल्लूनं टाकला. क्लच सोडल्याबरोबर गाडीला हिसका बसला, इंजिन खोकलं आणि पेटलं. मल्लूचा सगळा भार अजून पॅडलवरच होता. भांडं पुन्हा ओढायला लागलं आणि पॅडल एकदम तळाला गेलं. पुढची चाकं जागीच अडकली. गाडी खडीवर घसरली, मागची बाजू गरकन फिरली, आणि आम्ही पुलाच्या तोंडच्या दगडावर जाऊन आदळलो.

मग इंजिन आपणच बंद पडलं.

मल्लू स्टिअरिंगवर पडला होता, त्याला श्वास घेता येत नव्हता. माझं कपाळ काचेवर आपटलं होतं आणि एक दात गेला होता. तसेही चारच होते. दाराबाहेर पाहिलं तर घोडं रस्त्यावर नव्हतं. बाईही नव्हती, तिची एक चप्पल तेवढी होती. मी उतरले आणि काठावर जाऊन खाली पाहिलं. घोड्यानं उडी मारली होती. ओढ्यात गुडघाभर पाण्यात ते उभं होतं आणि पाणी पीत होतं. बिऱ्हाड एका बाजूला कललं होतं, पण फडक्याची गाठ सुटली नव्हती. बाई अनवाणी पायानं घसरत खाली पोचली, पोराला सोडवलं, हात-पाय चाचपले, मग वर माझ्याकडे पाहून शिव्या दिल्या. पोर तेव्हा कुठं रडलं.

मेंढका मेंढ्यांतून वाट काढत आला. त्यानं गाडीखाली वाकून पाहिलं, मल्लूकडे पाहिलं, मग मला म्हणाला, "म्हातारे, आवाज न देता येतीस व्हय?"

मी म्हटलं, "व्हय, चुकलं."

त्यानंच पागोटं सोडून मल्लूची छाती बांधली.

तुरीची पोती घेऊन निघालेल्या एका टेम्पोनं आम्हाला अक्कलकोटला नेलं. मल्लूच्या बरगड्या मोडल्या होत्या. दवाखान्यातल्या खाटेवर त्याला पडल्या-पडल्या बोलता यायला लागलं तेव्हा मी विचारलं, उतारावर काय बोलायचं होतं.

"गाडी सोडतो म्हनत होतो," तो म्हणाला. "आता दिसंना नीट."

"जेवताना सांगायचं की."

"उतारावर सांगावं म्हनलं."

गाडी ओढत सोलापुरात आणली. मौलाभाईनं तिच्याभोवती एक चक्कर मारली, दट्ट्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मैं बोला था ना, काकी?" मी म्हटलं, बोलला होतास. ब्रेकमध्ये त्याला काही खोट सापडली नाही, आणि नव्हतीच. कुणी विचारलं तर मी सांगते, ब्रेक चांगले आहेत, बसवून घ्या.

आता गाडी पगारी ड्रायव्हर चालवतो. दट्ट्या मी मौलाभाईकडून काढून माझ्या बाजूला, दाराजवळ लावून घेतला, ड्रायव्हरचा हात पोचणार नाही असा. मौलाभाईला ते पटलं नाही, पण त्यानं लावला. महिन्याभरानं दुधनीला परत गेलो. ओढ्याच्या उतारावर इंजिन धडधडत राहिलं. ड्रायव्हर काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही. मल्लू घरी असतो, डबे पुसतो.

त्या दिवशी दोन मेंढ्या चाकाखाली मेल्या, त्या आम्ही भरून दिल्या. पोर, त्याची आई, म्हातारा मेंढका, घोडं, मल्लू आणि मी जगलो.