वाटूरला नेलेलं कोळशाचं पोतं

वाटूरला खुशाल जा. फक्त सोबत कोळशाचं पोतं असेल, तर माझं शहाणपण आधी वाचा.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. औरंगाबादच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेत कामाला होतो. म्हणजे परीक्षानळ्या धुवायचो आणि गावाकडं शास्त्रज्ञ म्हणून मिरवायचो. एप्रिल लागता लागता वाटूरहून सखूआत्याचं पत्र आलं. आमच्या बौद्ध वस्तीच्या विहिरीचा उपसा करायला ऑईल इंजिन भाड्यानं आणलं, ते तिथंच गळलं. पाण्यावर तवंग, प्रत्येक घोटाला डिझेलचा वास. दुसरी विहीर वरच्या आळीत. तिथली मंडळी फार दिलदार! म्हणाली, या की, तुम्ही लांब उभं राहा, आम्ही वरून ओततो. आत्यानं शेवटी लिहवून घेतलं होतं, 'छप्पन सालापासून म्या कुणापुढं ओंजळ धरली न्हाई. तू शिकलेला हायेस, जल्दी ये.'

कोळशाच्या बारीक छिद्रांत तेलाचे नि वासाचे कण चिकटून बसतात, हे प्रयोगशाळेतल्या सरांच्या तोंडून मी शंभरदा ऐकलं होतं. निघालो.

पॅसेंजरनं जालना गाठलं. ती उशिरा आली हे सांगायला नकोच. स्टेशन नवीन जालन्यात, कोळशाची वखार जुन्या जालन्यात. टांगेवाल्यानं आठ आणे घेतले आणि हाडं खिळखिळी करून दिली, ती फुकट.

"बाभळीचा माल हाय, बिलकुल कडक," वखारवाला म्हणाला. "हॉटेल काढून राह्यले का?"

"नाही, पाणी साफ करायचंय."

"कोळशानं?" त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मीच दोन पावलं मागं सरलो.

एसटीच्या टपावर कुणाचातरी रॉकेलचा डबा डुगडुगत होता. तो कलंडू नये म्हणून मी माझं पोतं त्याला टेकवून ठेवलं. केवढा हा परोपकार! फाट्यावर उतरलो, गरम भजी खाल्ली (तुम्हीही खा, मिरची जपून) आणि पोतं डोक्यावर घेऊन ऐटीत वस्तीत शिरलो.

विहिरीपाशी एकावर एक तीन रांजण चढवले. वाळू, कोळसा, खडी. सगळी वस्ती गोळा झाली. मी भाषण ठोकलं. मग आत्यानं वाटी तोंडाला लावली नि थू थू केलं.

"आरं, आजवर इंजिन पिऊन राह्यलो व्हतो. आता स्टो बी पाजतोस व्हय?"

डबा वाटभर झिरपला होता आणि माझा गुणी कोळसा वाटूर येण्याआधीच रॉकेल पिऊन तर्र झाला होता. लाज वाटली, अगदी रडू येईल एवढी. दुसरा कोळसा आणायला वेळ नव्हता. दोन घरांच्या घागरी सकाळीच वरच्या आळीकडं निघाल्या होत्या.

आत्या उठली. आमच्या वस्तीत एकच इस्त्री, कोळशाची. चौदा एप्रिलच्या जयंतीला पांढरेशुभ्र कडक कपडे हवेत म्हणून घरोघरी महिनाभर चुलीतले निखारे विझवून कोळसे मडक्यात साठवायचे. आत्यानं आपलं मडकं रांजणाशी आणून पालथं केलं.

"आत्या, जयंतीला काय घालशील?"

"चुरगळल्यालं लुगडं नेसून कुणी मरत न्हाई. वत."

मग एकेक करत सगळी मडकी आली. माझा कोळसा काढून रांजण घासले आणि हा कोळसा धुऊन, कुटून भरला. सुरुवातीचं पाणी काळंकुट्ट आलं, मग राखाडी, दुसऱ्या दिवशी नितळ. आत्यानं हुंगलं, प्यायली, परत भरून घेतलं. वरच्या आळीकडं वळलेल्या घागरी परत आमच्या विहिरीवर आल्या. मी बाजूला जाऊन डोळे पुसले.

चौदा तारखेला अख्खी मिरवणूक चुरगळलेली. वरच्या आळीतून कुणी तरी हटकलंच, "काय हो, औंदा इस्त्री न्हाई का?"

"हाय की," आत्या म्हणाली. "औंदा आमी पिऊन टाकली!"

आता माझ्या घरी भिंतीवर पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे. ते बसवायला आलेला गृहस्थ मला अर्धा तास कार्बन समजावत होता. मी अज्ञानी चेहऱ्यानं ऐकून घेतलं. चौदा एप्रिलला मात्र मी पांढरा सदरा इस्त्रीविना घालतो. बायको दरवर्षी चिडते, लोक काय म्हणतील म्हणते. मी तिला सांगतो, आत्या गेली, पण तिनं परत कधी कुणापुढं ओंजळ धरली नाही. या चुण्या तेवढ्यासाठी आहेत.