कानमेस्त्री

रोज सकाळी शटर अर्धं वर करून आत शिरलं की मेस्त्री सगळ्यात आधी घड्याळ ऐकायचे. लाकडी मुठीचा हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर खिळ्यावरून काढायचा, त्याचं टोक भिंतीवरच्या गोल घड्याळाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. पाच-सात श्वास तसेच जायचे. मग मान हलवून "चालतंय" म्हणायचं आणि उरलेलं शटर वर ढकलायचं. गवई आधी सूर लावतो, तसा मी कान लावून घेतो, असं ते सांगायचे.

त्याच स्क्रू ड्रायव्हरने ते इंजिनं ऐकायचे. टोक इंजिनावर इथे-तिथे टेकवत जायचे आणि काय कुठे सैल झालंय ते काहीही न उघडता सांगायचे. त्यावरूनच कानमेस्त्री हे नाव पडलं. "यांच्यासमोर गाडी खोटं बोलत नाही," असं लोक म्हणायचे. त्यावर मागच्या दाराशी बसलेली त्यांची बायको मान वर न करता म्हणायची, "गाड्यांचं सगळं ऐकतात हो. माझंच तेवढं कानाआड करतात." हशा पिकायचा. मेस्त्रीही हसायचे.

तिला सगळे वहिनी म्हणायचे. इंजिनाच्या जोडांत बसवायची जुन्या गाड्यांची गॅस्केटं बाजारात मिळत नाहीत, ती वहिनी हाताने कापायच्या. जाड शीट लोखंडी भागावर ठेवून कडेकडेने हातोडीने हलके ठोकायचं, उमटलेल्या रेषेवरून कात्री फिरवायची, बोल्टची भोकं पंचाने पाडायची. त्या टेबलाशी तीस वर्षं बसून इंजिनं त्यांच्याही कानात मुरली होती. पण त्यांना कधी कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वीची एक सकाळ. नऊ वाजायला पाच मिनिटं होती. घड्याळाचा सेकंदकाटा चारच्या आकड्यावर नुसता थरथरत होता, पुढे सरकत नव्हता. वहिनींच्या ते लक्षात आलं आणि त्या सांगणार तोच ती थरथरही थांबली. मेस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. पाच-सात श्वास.

"चालतंय," ते म्हणाले आणि शटर वर ढकललं.

वहिनींची कात्री शीटमध्ये तशीच अडकून राहिली. मेस्त्री सुटे भाग आणायला बाहेर पडल्यावर त्यांनी स्टुलावर चढून सेल बदलला आणि काटे पुढे सरकवले. त्या दिवसापासून त्यांचा तो विनोद बंद झाला. बंद झाला हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याऐवजी त्यांना दुसरीच सवय लागली. गिऱ्हाईक काही बोललं की त्या मेस्त्रींसमोर येऊन तेच मोठ्याने म्हणायच्या. "सकाळी स्टार्ट घेत नाही म्हणता? बरं बरं." वहिनींना भारी चौकशा, असं लोकांना वाटायचं. मेस्त्रींना काय वाटायचं ते त्यांनी विचारलं नाही. माणसांचं बोलणं असं परत म्हणता येत होतं. इंजिनाचं येत नव्हतं.

त्यांच्या गिऱ्हाइकांत एक निवृत्त मास्तर होते. गणित शिकवण्यात जन्म गेला, बायको लवकर गेली, मूल नाही. त्यांच्याकडे दोन दारांची, टर्बोची, पार जुनी स्पोर्ट्स कार होती. लाल रंग उडून विटकरी झाला होता. कंपनीने ते मॉडेल बनवणं सोडून तीस वर्षं झाली होती. मास्तर ती मोडक्या अवस्थेत घेऊन आले, आणि मेस्त्रींनी तीन वर्षं खपून ती उभी केली. दर रविवारी मास्तर एकटेच डोंगराच्या रस्त्याने वरपर्यंत जाऊन यायचे. बाकीच्या आठवड्यात ते काय करतात, कुणाला ठाऊक नव्हतं.

मेस्त्रींनी त्यांना एक नियम घालून दिला होता. पळवून आणलेली टर्बोची गाडी लगेच बंद करायची नाही. दोन मिनिटं जागेवर चालू ठेवायची, तापलेल्या टर्बोला तेल मिळायला हवं. "पळून आलेल्या माणसाला आपण आधी धाप टाकू देतो ना, तसं," मेस्त्री म्हणाले होते. मास्तर घड्याळ बघत नसत. गाडीत बसून एकोणतीसचा पाढा सावकाश चार वेळा म्हणत आणि मग किल्ली फिरवत.

एका शुक्रवारी ते गाडी घेऊन आले.

"मेस्त्री, चढावर जोर लावला की खालून काहीतरी वाजतं. ठक ठक. उतारावर गप्प."

"चढावर वाजतं म्हणता? जोर लावला की?" वहिनी मोठ्याने म्हणाल्या.

मेस्त्रींनी बोनेट उघडलं. मास्तरांना रेस द्यायला सांगितलं आणि डोळे मिटून स्क्रू ड्रायव्हर फिरवला. वर, बाजूला, खाली तेलाच्या चेंबरपाशी. वहिनी चार पावलांवर उभ्या होत्या. त्यांना स्वच्छ ऐकू येत होतं. आवाज खोल होता, जड होता, बंद दारावर कुणी मुठीने ठोकावं तसा. वरच्या टॅपेटची बारीक टिकटिक अशी नसते. पिस्टनला जोडलेल्या रॉडचं बेअरिंग गेलं होतं.

"टॅपेट आहे," मेस्त्री म्हणाले. "घाबरू नका. म्हातारीचे सांधे बोलणारच."

मास्तर हसले. "माझेही बोलतात. त्यांनाही स्क्रू ड्रायव्हर लावा."

वहिनींच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मास्तरांदेखत सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. घरी गेल्यावर सांगू, असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी मेस्त्री खुशीत होते. कोणे काळी मास्तरांची गाडी पहिल्यांदा सुरू झाली तो दिवस त्यांनी पुन्हा एकदा रंगवून सांगितला. उद्या सांगू, वहिनींनी ठरवलं. शनिवारी दोन गाड्यांची गॅस्केटं होती. रविवारी दुपारी फोन वाजला, तो वहिनींनी उचलला.

गाडी टोचन लावून आणली. मागे रस्ताभर तेलाची रेघ होती. इंजिनाच्या ब्लॉकच्या कुशीत मुठीएवढं भोक पडलं होतं आणि तुटलेला रॉड त्यातून बाहेर आला होता. इंजिनाने हात बाहेर काढला, म्हणतात गॅरेजात. एरवी हसत म्हणतात.

मेस्त्रींनी चेंबर उतरवला. चुऱ्यातून बेअरिंगचा एक तुकडा शोधून काढला, फडक्याने पुसला आणि उजेडात धरला. तो सुक्या पानासारखा पातळ झाला होता.

"हे महिनाभर ओरडत असणार," ते म्हणाले. तुकडा तळहातावर घेऊन ते वहिनींच्या टेबलापाशी आले. "तुला ऐकू आलं होतं?"

"हो."

"शुक्रवारी?"

"हो."

"माझ्या कानाचं तुला कधीपासून माहीत आहे?"

वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं आणि सेलची गोष्ट सांगितली. मेस्त्री ऐकत होते की आपल्या ओठांकडे बघत होते, ते वहिनींना कळलं नाही.

"म्हणजे मी दोन वर्षं नुसतंच लाकूड कानाला लावतोय," ते म्हणाले. "आणि मी तरी कुणाला सांगितलं? वाटायचं, येतंय थोडं. असेल, येत असेल."

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. दारातच उभे राहिले. इंजिनाच्या कुशीतलं भोक बघून त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

"चूक माझीच," ते घाईने बोलू लागले. "त्याच्या आधीच्या रविवारी पाऊस होता. मी पाढा म्हटला नाही, मेस्त्री. तशीच बंद केली. तुम्ही इतकं बजावलं होतं. एकच दिवस, पण नाही म्हटला."

वहिनींना वाटलं, एवढं एकच वाक्य या माणसाला घरी नेऊ दिलं की झालं. नाव राहील. खिळ्यावरचा स्क्रू ड्रायव्हर खिळ्यावर राहील. आणि मास्तर उरलेले सगळे रविवार घरात बसून तो एकच रविवार मोजत राहतील. त्यांनी ते वाक्य मेस्त्रींसाठी परत म्हटलं नाही. पण मेस्त्री मास्तरांच्या ओठांकडेच बघत होते.

मेस्त्रींनी मास्तरांचा हात धरून त्यांना गाडीपाशी नेलं आणि त्यांचं बोट टर्बोच्या पंख्यावर ठेवलं. "फिरवा." पंखा अलगद फिरला. "ठणठणीत आहे. तुम्ही पाढा चुकवला, तर टर्बो जातो. रॉडला त्याचं काय? शुक्रवारी हे बेअरिंग बोंबलत होतं. मला ऐकू आलं नाही. मला ऐकू येत नाही, मास्तर."

"मला आलं होतं," वहिनी म्हणाल्या. "मी बोलले नाही."

मास्तर दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. "म्हणजे माझी गाडी तुम्ही दोघांनी मिळून घालवलीत," ते शेवटी म्हणाले. आवाज चढला नव्हता. वर्गात उत्तर तपासून सांगावं तसं त्यांनी सांगितलं. "हा ब्लॉक सांधता येईल?"

मेस्त्रींनी नकारार्थी मान हलवली. "वेल्डिंग धरणार नाही. आणि दुसरा जगात कुठे असेल तर मला माहीत नाही. दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून देतो, म्हणाल तर."

"मग ती दुसरीच गाडी."

मास्तर आत बसले. किल्ली लावली, फिरवली नाही. त्यांचे ओठ बराच वेळ हलत होते. मग त्यांनी किल्ली काढली, वहिनींच्या टेबलावर ठेवली आणि चालत निघून गेले. परत आले नाहीत. वहिनी दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आल्या. दोन्ही वेळा आत दिवा होता, दार उघडलं नाही.

त्यानंतर मेस्त्री प्रत्येक गिऱ्हाइकाला आधीच सांगायचे, "मला ऐकू येत नाही. चालेल का?" बरेच जण कानकोंडे होऊन गाडी मागे घ्यायचे. इंजिनाची कामं सुटली, ब्रेक आणि टायर तेवढे राहिले. स्क्रू ड्रायव्हर खिळ्यावरच होता. सकाळी आत शिरलं की मेस्त्री आता वहिनींकडे वळून विचारायचे, "चालतंय?" त्या मान हलवायच्या. लाल गाडी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. किल्ली टेबलाच्या खणात पंचांबरोबर पडून होती.

वर्षभराने एका दुपारी टायर काढता काढता मेस्त्री भिंतीला टेकून बसले, ते उठले नाहीत. लोक भेटायला आले आणि शेवटी काय म्हणाले, असं विचारू लागले. वहिनींना सांगण्यासारखं काही सापडेना. त्या सकाळी मेस्त्रींनी नेहमीसारखं शटर अर्धं वर केलं होतं, घड्याळाकडे पाहिलं होतं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

"अगं, हे पाच मिनिटं मागे पडलंय. सांगायचं ना."